जरा घाण राहू द्या!

परसातल्या कोई माशांच्या, म्हणजे रंगीत जपानी कार्प माशांच्या, तळ्याची वसंतातली सफाई हे एक अजब काम आहे. त्यात खरी मेहनत असते ती काम न करण्याची. बाकी कुठलंही घरकाम घ्या, जितकं घासाल तितकं कौतुक. इथे जो जास्त घासतो, तो मासे मारतो. हे घरात फक्त मलाच ठाऊक असल्यामुळे सगळ्यांच्या मते मी आळशी आहे, शिवाय निर्दयीही. निर्दयी कसा, ते पुढे येईलच.

हिवाळाभर त्या तळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मासे तळाशी गपगार पडलेले, वर कुजकी पानं, मध्ये हिरवट-काळपट पाणी. ऊन जरा तापलं, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, की एकेकाला कर्तव्याची उबळ येते. या वर्षी माझा मेव्हणा प्रेशर वॉशर घेऊनच हजर झाला.

"भाऊजी, मासे टबात काढा, पाणी सगळं सोडा. अर्ध्या तासात तळ्याची फरशी करून दाखवतो."

मी त्याला बसवून घेतलं आणि समजावलं. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. तो विषारी. फिल्टरमध्ये आणि भिंतीवरच्या त्या बुळबुळीत थरात राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र माशांना सोसतं. ही मंडळी वाढतात अतिशय सावकाश आणि थंडीत जवळपास संपावर असतात. आत्ता कुठे ती कामावर परतायला लागलीत, तेवढ्यात तू त्यांना भिंतीसकट उडवणार?

सगळं नीट ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला साफ करायचंच नाहीये."

फिल्टरचा स्पंज धुताना तर घरात उभी फूट पडली. तो पिळावा लागतो तळ्याच्याच पाण्यात, बादलीत, तोही हलक्या हाताने. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं. हे जंतू आपले आणि ते परके, असा भेदभाव ते करत नाही. आई मागे उभी राहून बघत होती. काळा स्पंज, काळं पाणी, आणि त्यातून बाहेर आलेला जरा कमी काळा स्पंज. "अरे, घाण पाण्यात घाण धुतोस? निदान शेवटचं पाणी तरी स्वच्छ घे!" तिच्या सगळ्या आयुष्याच्या शिकवणुकीवर मी त्या बादलीत पाणी ओतत होतो, हे मला कळत होतं. पण शेवटचं पाणीही मी घाणच घेतलं.

तळातला गाळ हे आणखी नाजूक प्रकरण. पानं कुजून झालेला तो काळा थर ढवळला, तर त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि मासे गुदमरू शकतात. म्हणून व्हॅक्यूमची नळी तळावरून इंचाइंचाने सरकवायची. मेव्हण्याच्या हातात नळी दिली होती, त्याने पहिल्याच मिनिटाला तळ खरवडायला घेतला. नळी परत घेतली. त्यालाही बरं वाटलं नाही आणि मलाही.

पाणी बदलायचं तेही सगळं नाही. आमच्या तळ्यात १०,००० लिटर मावतं. त्यातलं हजार-दीड हजार काढलं की पुरे. नव्या पाण्यातलं क्लोरीन मारायला औषध आधी घालायचं आणि पाणी हळूहळू सोडायचं, म्हणजे तापमान एकदम बदलत नाही. एवढं सगळं करून पाणी आधीपेक्षा गढूळ दिसतं. बायको काठावर येऊन म्हणाली, "अहो, सकाळी तळ तरी दिसत होता."

मग तपासणी. या कामात मात्र हात आखडता घेऊन चालत नाही. कारण पाणी जरा कोमट झालं की रोगाचे जंतू आणि परजीवी आधी जागे होतात, माशांची प्रतिकारशक्ती मागून डोळे चोळत उठते. मोठ्या जाळीने मासा फक्त वळवायचा असतो, उचलायचा नाही. पाण्यातच त्याच्याखाली टब सरकवायचा आणि लगेच वर झाकण, कारण कोई टबातून सहज बाहेर उडी मारतो. आमचा सगळ्यात थोराड मासा दोन फुटांचा, अंगभर सोनेरी. शाळेत नखं तपासतात तशी मी त्याची तपासणी केली. ओठांच्या कोपऱ्यांतल्या मिशा शाबूत. कल्ल्यांची झाकणं एका लयीत उघडमीट करणारी. पाठीवरच्या पराच्या बुडाशी एक खवला किंचित उचललेला, आणि त्याखालून दोऱ्याच्या टोकाएवढं पांढुरकं काहीतरी लोंबणारं: अँकर वर्म. हा किडा नाही, कोळंबीच्या लांबच्या नात्यातला प्राणी आहे, आणि डोकं माशाच्या मांसात रोवून बसतो. चिमट्याने अगदी बुडाशी धरून ओढला, जखमेवर औषध लावलं. मासा शांत होता. शेपटीचा फटका त्याने सोडतानाच दिला, मला नखशिखांत भिजवून.

मीठ घालावं का, यावर कोई पाळणाऱ्यांत कायमची भांडणं आहेत. गरज पडली तर ०.३ टक्के घालतात, म्हणजे आमच्या तळ्याला ३० किलो. नुसता आकडा ऐकून बायको म्हणाली, "मासे पाळायचेत की मुरवायचेत?" मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, पाणी बदलेपर्यंत तिथेच राहतं, तेव्हा मीही घाई केली नाही. पुन्हा आळशी ठरलो, ते असो.

आता निर्दयीपणा. कोई माशाला पोटाची पिशवीच नसते. दात घशात, आणि तिथून थेट आतडं. पाणी दहा अंशांखाली असेल तर खाल्लेलं नीट पचत नाही. दहाच्या वर गेल्यावर गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य, तेही चिमूटभर. पण हे माशांना कोण सांगणार? मालक ओळखू येतो त्यांना. मी काठावर गेलो की सगळे धावत येतात, तोंडांचे चंबू करून पाण्याबाहेर चुपचुप आवाज काढतात. जपानातल्या निइगाताच्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशातून हे रंग निवडून निवडून वाढवले आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडून सगळ्या जपानला वेड लावलं. अभिनयही त्यांनीच निवडून वाढवला असावा, असा मला दाट संशय आहे. येणारा प्रत्येक पाहुणा तो बघून हळहळतो आणि माझ्याकडे वळून विचारतो, "खायला घालत नाही का हो यांना?"

मी थर्मामीटर दाखवतो. रात्री पारा पुन्हा उतरलेला असतो, साडेनऊवर.

परवा संध्याकाळी आई खाद्याचा डबा पदराआड धरून परसाकडे निघालेली दिसली. "थर्मामीटरलाच भूक लागत नाही, त्याला काय कळतंय?" असं म्हणून ती थांबली खरी, पण डबा काही परत दिला नाही. मेव्हणा निघताना म्हणाला, "भाऊजी, वॉशर इथेच ठेवून जातो, कधीतरी मूड आला तर..." मी वॉशर त्याच्या गाडीत स्वतः उचलून ठेवला, डिकी लावली, आणि ती नीट लागली की नाही हे दोनदा ओढून पाहिलं.