बदलीच्या मावशी

११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम संपला, तेव्हा मी शेजारच्यांच्या तळघरात मायक्रोवेव्हसमोर उभा होतो. आठ समोसे, दोन मिनिटं. ताटली घेऊन वळलो तर सोफ्यावरची सात माणसं मयताला आल्यासारखी गप्प. टीव्हीवर ॲरन रॉजर्स मैदानातच बसलेला.

‘काय झालं?’

कुणी बोलेना. शेवटी शेजारचे आजोबा माझ्याकडे, म्हणजे खरं तर समोशांकडे बघून म्हणाले, ‘तू उठायला नको होतंस.’

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. जेट्स नावाला न्यूयॉर्कचे, पण खेळतात आमच्याच न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. पनवेलला राहून ‘आम्ही मुंबईचे’ म्हणणारे ज्यांच्या नात्यात आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. जेट्सनी शेवटची सुपर बोल, म्हणजे या खेळाचं अजिंक्यपद, जिंकली १२ जानेवारी १९६९ ला. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. मी एका हिवाळ्यात बर्फ उपसायला त्यांचं फावडं मागितलं, तर त्यांनी फावड्यासोबत एक हिरवी टोपीही दिली. फावडं मी दुसऱ्या दिवशी परत केलं. टोपी अजून डोक्यावर आहे.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे लग्नातले गुरुजी. मुहूर्त, मंगलाष्टकं, अंतरपाट, सगळं त्यांच्या इशाऱ्यावर. ते चुकले की बाकीची माणसं मुठीत अक्षता धरून नुसती उभी. एकोणचाळीस वर्षांचा रॉजर्स म्हणजे काशीहून आणलेले गुरुजी. ग्रीन बे पॅकर्सकडे अठरा हंगाम काढून आलेला, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत मैदानात आला, चौथ्या चेंडूला खाली पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी कळलं, डाव्या पायाच्या टाचेवरची अकिलीसची शीर तुटली.

मग आला झॅक विल्सन. चोवीस वर्षांचा. २०२१ मध्ये देशभरातल्या नव्या खेळाडूंतून दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, म्हणजे एके काळचा घोड्यावरचा नवरदेव. आदल्या वर्षी त्याला बाकावर बसवलं होतं. एका सामन्यात संघाला जेमतेम तीन गुण मिळाले. बचावाच्या पोरांना तुम्ही तोंडघशी पाडलंत असं वाटतं का, या पत्रकारांच्या प्रश्नावर त्यानं ‘नाही’ असं उत्तर दिलं. क्रिकेट असो, फुटबॉल असो, सासर असो, या प्रश्नाचं उत्तर मान खाली घालून ‘हो’ असंच द्यायचं असतं.

तर त्या रात्री मला मायक्रोवेव्हजवळून हलायची बंदी झाली. मी तीन तास उभा. जादा वेळेत झेव्हियर गिप्सन नावाच्या नवख्या पोरानं समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू झेलून ६५ यार्ड पळवत नेला आणि जेट्स बफेलोविरुद्ध २२–१६ असे जिंकले. झालं! हंगामभर माझी जागा ठरली.

प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांनी सांगून टाकलं की आता विल्सनच. आणि आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले. आजोबा सालेहच्या बाजूचे. त्यांचा जावई विरोधी. जावई हा दहावा ग्रह असतो असं आपल्याकडे म्हणतात, न्यू जर्सीतही त्याची दशा लागतेच. त्याचं म्हणणं, घरी बसलेला कुठलाही अनुभवी म्हातारा आणा, पण हा नको. आजोबांचं म्हणणं, पोराला वेळ द्या. हा वाद सोमवारी सकाळी माझ्या दारात कचऱ्याचे डबे बाहेर काढताना सुरू व्हायचा आणि पंच मी. मी दोघांनाही ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणायचो, त्यामुळे दोघंही दुसऱ्या दिवशी परत यायचे.

न्यू इंग्लंडशी १५–१० असे हरल्यावर तर १९६९ च्या विजयाचा नायक, ऐंशी वर्षांचा जो नेमथ, विल्सनवर जाहीर उखडला. आजोबांची अवस्था विठ्ठलानंच वारकऱ्याला झापल्यासारखी झाली. पुढच्याच रविवारी कॅन्सस सिटीविरुद्ध हाच विल्सन असा खेळला की ओळखू येईना. ३९ पैकी २८ फेकी अचूक. माझ्या मुलीनंही पहिल्यांदा पूर्ण सामना बघितला, पण प्रेक्षकांत टेलर स्विफ्ट होती म्हणून. आणि शेवटच्या टप्प्यात, सगळं जुळून आलेलं असताना, पायांमधून मागे आलेला चेंडू त्याच्या हातातून निसटला. २३–२०, हार. धड वाईट असता तर काढून टाकता आलं असतं, धड चांगला असता तर प्रश्नच नव्हता. असून अडचण, नसून खोळंबा.

हे सगळं मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं. तिला फुटबॉल म्हणजे लाथेचा खेळ एवढंच माहीत. पण ती मध्येच म्हणाली, ‘म्हणजे आपल्या मावशी गावाला गेल्या की भाचीला पाठवतात, तसंच की रे.’

‘तसंच.’

‘ती पण अशीच. एक दिवस पातेल्यात तोंड दिसेल असं घासते. दुसऱ्या दिवशी कपाला कान नाही.’

‘मग काढून का टाकत नाहीस?’

‘आणि भांडी कोण घासणार, तू? नवी शोधायची, तिला साबण कुठं, चाळणी कुठं, सगळं दाखवायचं. ती शिकेपर्यंत मावशी परत येतात.’

सालेहचं अख्खं धोरण माझ्या आईनं तीन वाक्यांत मांडलं होतं. पत्रकार परिषदेत त्यांना त्यासाठी अर्धा अर्धा तास लागत होता. सोमवारी डब्यांपाशी मी हे भाषांतर करून सांगितलं. आजोबांचा चेहरा फुलला. जावयानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘पण कप संपत आलेत त्याचं काय?’

तेव्हापासून दोघं दर सामन्यानंतर विचारू लागले, ‘तुझी आई काय म्हणते?’

मधे लागोपाठ तीन सामने जिंकले, तेव्हा आई काही म्हणाली नाही. पुढच्या सामन्यात फक्त सहा गुण करून हरले आणि मग १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आलं. त्याच रात्री लास व्हेगासमध्ये सामना. मी आजोबांना आणि जावयाला फराळाला बोलावलं, ही चूक माझीच. विल्सननं शेवटी शेवटी, जिंकायची संधी असताना, चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात दिला. १६–१२, हार. आजोबांनी ताट पुढं ओढलं.

पाच चकल्या ओळीनं मांडल्या. ‘ही आपली पुढची फळी.’ मागे बेसनाचा लाडू ठेवला. ‘हा विल्सन.’ समोर मूठभर शंकरपाळी. ‘हे शत्रू. आता बघ, फळीतली अर्धी माणसं जायबंदी,’ म्हणत त्यांनी दोन चकल्या उलट्या केल्या, ‘शंकरपाळी आत घुसणारच. लाडू काय करेल?’

‘लाडवानं चेंडू लवकर फेकावा,’ जावई म्हणाला. ‘लाडू उभा राहून विचार करतो. लाडवानं विचार करू नये.’

‘लाडवाला दोन सेकंद तरी द्या!’

आवाज चढला. ही वरून ‘अजून चकली देऊ का?’ विचारायला आली आणि तिनं पाहिलं की तिच्या चकल्यांचा पाडाव कसा होतो यावर दोन मोठी माणसं भांडतायत. बाजू घ्यायची म्हणून मी मान डोलवत हात पुढं केला आणि डावीकडची शेवटची चकली खाल्ली. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. ती चकली म्हणजे लेफ्ट टॅकल होती. क्वार्टरबॅकची पाठ तीच राखते म्हणे.

पुढच्या आठवड्यात बफेलोनं ३२–६ असं धुतल्यावर सालेहनाही कप संपत आल्याचं दिसलं असावं. विल्सन बाहेर, टिम बॉयल आत. बदलीची बदली. जावयानं केक आणला. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मायामीविरुद्ध, पहिला अर्ध संपता संपता, बॉयलनं देवाचं नाव घेऊन चेंडू लांब उंच फेकला. तो मायामीच्या जेव्हॉन हॉलंडनं झेलला आणि ९९ यार्ड उलटा पळत नेऊन गुण केले. केक अर्धा शिल्लक होता. तो कुणी मागितला नाही.

आणखी एका पराभवानंतर विल्सन परत. पावसात ह्यूस्टनविरुद्ध ३०१ यार्ड, ३०–६ असा विजय. आजोबा अंगणात नाचले. सात दिवसांनी मायामीत ३०–०, हार, आणि विल्सनच्या डोक्याला मार. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘भाचीला म्हणावं आता घरी जाऊन आराम कर.’

२८ डिसेंबरला क्लीव्हलंडशी सामना होता. क्लीव्हलंडचाही नेहमीचा क्वार्टरबॅक जायबंदी, त्यांनीही नोव्हेंबरात बदली आणलेला. कोण? जो फ्लॅको. वय अडतीस, मूळचा आमच्या न्यू जर्सीचा. आदल्या वर्षी जेट्सकडेच होता, करार संपला तेव्हा ‘थांब’ म्हणावंसं कुणाला वाटलं नाही, म्हणून घरी बसला होता. त्यानं जेट्सविरुद्ध ३०९ यार्ड काढले, त्यातले बहुतेक पहिल्या अर्धातच. ३७–२०. क्लीव्हलंड प्लेऑफमध्ये.

तळघरात शांतता. मी माझ्या जागेवर, मायक्रोवेव्हपाशी. फोन वाजला, साताऱ्याला सकाळ झाली होती. मी हळू आवाजात फ्लॅकोची हकिगत सांगितली. आईनं सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे जुन्या मावशींना तुम्हीच सोडलं,’ ती म्हणाली, ‘आणि आता त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये लागल्या. त्यांच्याकडं पुरणपोळ्या पण करत असतील.’

मी फोन ठेवला. आजोबा सोफ्यावरून, मान न वळवता, म्हणाले, ‘आई काय म्हणाल्या?’

जावईही माझ्याकडे बघत होता.

‘समोसे गरम करू का?’ मी विचारलं.