हिमोग्लोबिन उतरलं म्हणजे रक्त गेलं नव्हे

शिरेतून भूल दिल्यावर म्हशीचं हिमोग्लोबिन उतरतं, म्हणजे 'औषध रक्त कमी करतं', असा अर्थ म्हशींच्या भुलीवरच्या लेखात काढलाय. तो पटला नाही. रक्त कुठेही जात नाही. झायलाझिन, थायोपेंटोन यांसारख्या भुलीच्या औषधांनी प्लीहा (पोटातला रक्त साठवणारा अवयव) सैलावते, तांबड्या पेशी तिथे साठून राहतात, शिवाय रक्तवाहिन्यांबाहेरचं पाणी रक्तात ओढलं जातं. नमुना पातळ दिसतो इतकंच. जनावर उठून उभं राहिलं की आकडेही बहुधा काही तासांत जागेवर येतात. रक्तातली साखर वाढते तीही झायलाझिन इन्सुलिनला दाबतं म्हणून. असा रिपोर्ट बघून एक मालक माझ्याकडे 'रक्त चढवा' म्हणून हटून बसले होते!

उलट ठोके मंदावण्याचा विषय एका ओळीत उरकलाय. घोड्याला जितकं झायलाझिन लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात म्हैस आडवी होते, तिथेच नवखा डॉक्टर जास्त डोस देऊन फसतो. मागच्या पायाला प्लास्टर घालताना एका मुऱ्हा म्हशीचे ६० च्या घरातले ठोके ३८ वर आलेले मी स्वतः मोजलेत, शेपटीच्या बुडाशी बोट ठेवून. त्यात 'मुकं जनावर उपाशी कसं ठेवायचं' म्हणून घरच्यांनी पहाटे गुपचूप कडबा घातलेला. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. नळी घालून गॅस काढला तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला आणि आमचाही. भुलीआधीच्या उपासाबद्दल लेखात अवाक्षर नाही.