किल्ली कोणाची, सीट कोणाची

माझी उंची पाच फूट, नवऱ्याची सहा फूट एक इंच. लग्नात हार घालताना त्याला चांगलं वाकायला लावलं, तेव्हाच हा विषय मिटला असं दोन्हीकडच्या मंडळींनी धरलं होतं. विषय मिटला नव्हता. नवी गाडी घरी येईपर्यंत दम धरून बसला होता.

या गाडीची किल्ली पर्समधून काढावीच लागत नाही. हँडलला हात लावला की दार उघडतं, आणि ड्रायव्हरची सीट नि बाहेरचे आरसे ज्याची किल्ली त्याच्या मापाने आपले आपण सरकतात. शोरूममधला मुलगा कौतुकाने म्हणाला होता, "मॅडम, गाडी तुम्हाला ओळखते." साफ खोटं. गाडी मला ओळखत नाही, नवऱ्यालाही ओळखत नाही. ती ओळखते फक्त किल्लीला. आणि आमच्या घरात किल्ली अमक्याची असं काही नसतं. दारामागच्या खुंटीवर दोन सारख्या काळ्या किल्ल्या लोंबत असतात. निघताना ज्याच्या हाताला जी लागेल ती त्या दिवसापुरती त्याची. छत्र्या, चार्जर, वाचायचे चष्मे, सगळं आमच्याकडे याच कायद्याने चालतं. ही सोय ज्याने शोधली त्याच्या घरी प्रत्येकाचा वेगळा खण, वेगळा टॉवेल आणि वेगळी किल्ली असणार. सुखी माणूस.

सकाळी अंबडच्या कारखान्यात जायला निघालेला नवरा माझी किल्ली खिशात टाकतो. दार उघडून बसतो, आणि सीट निघते. मंद गुणगुणत, अजिबात घाई न करता. आत मोटर किती फिरली हे सेन्सर मोजत असतो, आणि माझा आकडा येईपर्यंत ती थांबत नाही. गुडघे डॅशबोर्डला लागतात, पोट स्टिअरिंगला, मग हनुवटी गुडघ्याच्या दिशेने निघते. "अगं, तुझी किल्ली!" अशी हाक खालून येते तोवर सोसायटीचा वॉचमन मदतीला धावलेला असतो.

माझं उलटं होतं. मी बसते आणि सीट मला घेऊन मागे जाते. क्लच-बिच नाहीच, पण ब्रेकपर्यंत तरी पाय पोचायला हवा ना! आरशात रस्ता दिसत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घातलेत ते दिसतं. गाडी उभी असतानाच ही सरकासरकी चालते, हे उपकारच. नाहीतर द्वारका सर्कलला, चारी बाजूंनी रिक्षा घुसत असताना सीटला नवऱ्याची आठवण आली असती तर काय झालं असतं?

खरी गोम मात्र पुढे आहे. आमच्या गाडीत कुलूप ज्या किल्लीने उघडलं, तिच्याच नावावर गाडी बंद करतानाची सीट जमा होते. म्हणजे नवऱ्याची किल्ली घेऊन मी कॉलेज रोडला गेले, बटणं दाबून सीट माझ्यापुरती केली आणि परत आले, की त्याच्या किल्लीत माझे पाय साठले. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या विश्वासाने स्वतःची किल्ली, अगदी तपासून, घेतो. आणि पुन्हा वॉचमन.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने लॅपटॉप जोडला, बराच वेळ भुवया वर केल्या आणि सांगितलं, "मॅडम, सिस्टीम एकदम ओके आहे." सिस्टीम ओके असते तेव्हा बिघाड कुठे असतो, हे त्याने नजरेनेच सुचवलं.

दारावर १ आणि २ अशी बटणंही आहेत, हे मान्य. १ नवऱ्याचं, २ माझं. दाबलं की जागा लागते. पण मग गाडीने ओळखण्याचं कौतुक कसलं? आणि एखाद्या लग्नाला गेलो की ही बटणंही आठवत नाहीत. गंगापूर रोडच्या लॉन्सवर गाडी वॅलेटच्या मुलाला द्यावी लागते. तो बिचारा आपल्या सोयीने बसतो, पाठ पार आडवी करतो, गाडी लावून बंद करतो. झालं! त्या मुलाची ऐट माझ्या नावावर. दुसऱ्या दिवशी ऑफिसला मी जवळजवळ झोपून गेले.

सीटची स्मृती काही कालची नाही. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रुअममध्ये ती दिली होती. किल्ली खिशात ठेवून दार उघडायची सोय मर्सिडीजने १९९८ मध्ये एस-क्लासला आणली. दोन्ही स्थळं आपापल्या जागी उत्तम. पुढे कोणीतरी त्यांचं लग्न लावून दिलं आणि घरात माणसं किती, एवढं विचारायचं राहिलं.

कारण सगळ्यात वाईट प्रकार होतो तो आम्ही दोघं बरोबर निघतो तेव्हा. हँडलला हात लागला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने हाक मारते, जेमतेम हात-दोन हात पोचेल अशी. जवळची किल्ली जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर "मी आहे" असं सांगते. माझी पर्समध्ये, त्याची खिशात. दोघी एकदम जाग्या. जिचं उत्तर आधी धरलं जाईल तिचं राज्य. चालवणार मी असले तरी दाराशी आधी तोच पोचतो, ढांगाच तेवढ्या. त्र्यंबकेश्वरला जाताना मी त्याला फाटकापाशीच थांबवून ठेवते. शेजारच्या काकूंना वाटतं आमचं भांडण झालंय. होतं कधीकधी, पण ते नंतर.

उपाय सापडला तो सासूबाईंमुळे. किल्लीचा सिग्नल लांबवून गाड्या चोरतात, अशी बातमी त्यांनी पाहिली आणि त्याच रात्री एक किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकून डबा देवघराच्या खणात ठेवला. आम्ही हसलो. सकाळी नवरा तो डबाच हातात घेऊन गाडीपर्यंत आला, आणि दार उघडेना. चारी बाजूंनी धातू असला की लहरी आत-बाहेर जात नाहीत. इंजिनीअर मुलाला हे पाठ होतं, सुचलं मात्र आईला.

तेव्हापासून दोघांनी निघायचं तर जो चालवणार नाही त्याची किल्ली डब्यात. नवरा चिवड्याच्या वासाची किल्ली मांडीवर घेऊन शेजारी बसतो. मिसळ खायला उतरलो तेव्हा वेटरने विचारलंसुद्धा, "साहेब, बाहेरचं खाणं चालणार नाही हां."

परवा मात्र कंपनीचं नवं ॲप आलं. आता म्हणे किल्लीही नको, मोबाइलवरच गाडी उघडते आणि सीटही मोबाइल बघून सरकते. नवऱ्याने उत्साहाने दोघांचेही मोबाइल जोडून टाकले. आईंनी त्याचा फोन उलटासुलटा करून पाहिला, डब्यात घालून पाहिला, झाकण काही लागेना.

"थांब," म्हणाल्या, "तांदळाचा रिकामा करते."