पाहुणा मोपाला उतरतो तेव्हा

आम्ही वास्कोला राहतो. दाबोळीला उतरणारं विमान गच्चीवरून गेलं की वाळत घातलेले पापड हलतात, असं शेजारच्या काकी सांगतात. पूर्वी पाहुण्याचं विमान टेकलं की आम्ही चहाचं आधण ठेवायचो आणि मग त्याला आणायला निघायचो. ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्याच्या मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि आमच्या घरचं हे वेळापत्रक मोडलं.

पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, तिकीट काढलं! नेहमीपेक्षा आठशे रुपये स्वस्त."

मी विचारलं, "दाबोळी की मोपा?"

"गोवाच हो. दोन्ही गोव्यातच ना?"

आहेत ना! नकाशावर फूटपट्टी ठेवली तर जेमतेम चाळीस किलोमीटर. रस्त्याने मात्र साठाच्या वर, आणि वाटेत शापोरा, मांडवी, जुवारी अशा तीन नद्या. मोपाच्या धावपट्टीवरून जरा जोर लावून दगड भिरकावला तर तो महाराष्ट्रात पडेल. सावंतवाडीकरांची चंगळ झाली. पेडण्याच्या लोकांनी इतकी वर्षं दाबोळीपर्यंत हेलपाटे घातले, त्याचा हिशेब आता आम्ही चुकवतोय. दाबोळी पडलं नौदलाचं. तिथे नागरी विमानांना वेळेच्या मर्यादा, त्यामुळे दुसरा विमानतळ हवाच होता. हे सगळं मला पटतं. फक्त मेव्हण्याने तिथे उतरू नये.

मी त्याला कदंबच्या बसचं सुचवून पाहिलं. "तुमची गाडी असताना बस कशाला?" टॅक्सीचं सुचवलं, तर भाडं ऐकून म्हणाला, "एवढ्यात तर मी परत पुण्याला जाईन!" हा विचार मला वाईट वाटला नाही, पण बायको समोर बसली होती.

गेलो. परतताना धारगळ, कोलवाळ, म्हापसा इथवर तो खुशीत होता. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. तिथे गाड्या अशा तुंबल्या होत्या की शेंगदाणेवाला आमच्या खिडकीशी येऊन, पुढच्या रांगा करून, पुन्हा आमच्याच खिडकीशी आला. मेव्हण्याने दुसऱ्यांदाही पुडी घेतली. वर मलाच सांगतो, "पुण्याहून तासाभरात आलो बघा. विमानाला तोड नाही!" तेवढाच वेळ आम्ही त्या शेंगदाणेवाल्याच्या सहवासात काढत होतो.

मांडवीवरचा अटल सेतू, बांबोळी, आगशी. जुवारीवर नवा पूल झालाय म्हणून बरं, जुन्या पुलावर अजून एक पुडी लागली असती. पलीकडे कुठ्ठाळी ओलांडून सांकवाळला आलो, तर समोरून एक विमान चाकं काढून दाबोळीकडे उतरत होतं.

"हे कुठे चाललं?"

"आमच्या घराशेजारी."

"हां, ते महाग होतं," मेव्हणा म्हणाला आणि शेंगदाण्याची सालं माझ्या गाडीत झटकली.

त्याचे वाचलेले आठशे माझ्या पेट्रोलमध्ये आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये गेले. पण ते वेगळं खातं, असं बायकोचं म्हणणं.

सासूबाई मात्र गोवा एक्स्प्रेसने येतात. संध्याकाळी पुण्यात बसतात, सकाळी वास्कोत. गाडी तिथेच संपते, त्यामुळे पुढे चुकून जायचीही सोय नाही. स्टेशनवरून रिक्षाने परस्पर घरी येतात तेव्हा माझी दाढीही झालेली नसते. मेव्हण्याला म्हटलं, तूही तसाच येत जा.

"छे हो भावोजी, रेल्वेने फार वेळ जातो."