ऊन तापलं म्हणून केळीचा हरण्या जात नाही
जळगावच्या रावेर-यावलकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हणजे आपला हरण्या रोग आला तरी झाडं उपटू नका, कडक ऊन पडलं की व्हायरस मरतो. अर्धंच खरं आहे हे, आणि तेच महागात पडतं. ढगाळ, थंड हवेत पानांवर पिवळे पट्टे ठळक दिसतात, गरमी वाढली की झाडाची स्वतःची व्हायरसविरोधी यंत्रणा जोरात चालते, व्हायरसचं प्रमाण घटतं आणि नवीन पान बऱ्यापैकी हिरवं येतं, म्हणून वाटतं गेला रोग. पण तो झाडातच असतो, मुनव्यांत (बुडातून फुटणाऱ्या पिल्लांत) उतरतो, मावा कीड तिथून रस शोषून शेजारच्या झाडावर नेतो. लॅबमध्ये उष्णता देऊन व्हायरस काढतात ते खरंय, पण तिथे रोप बंद चेंबरमध्ये कित्येक दिवस ठेवतात, वर शेंड्याचा बारीक तुकडा काढून वाढवतात, बांधावर कुठून जमणार ते?

आणि गरमी म्हणजे फायदाच असंही नाही बरं का, तंबाखूतला मोझॅक रोग रोखणारा एन नावाचा जीन (जनुक) 28 अंशांच्या वर कामच करत नाही. तेव्हा पट्टे दिसले की झाड मुळासकट काढा, जाळा किंवा पुरा, आणि केळीत काकडी, भोपळा, मिरची घेऊ नका.