फोटोच्या बॉर्डरला वेगळा आकार कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

"एफ १२ दाबायचं, जाडी टाकायची, झाली बॉर्डर. मागे वेगळा चौकोन घ्या, कॉन्टूर सुटा करा, असलं सांगून नव्या पोरांना उगाच घाबरवताय. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत असतं," असं तुम्ही माझ्या कोरलड्रॉमधल्या (डिझाइनचं सॉफ्टवेअर) बॉर्डरच्या लेखावर लिहिलंत. (नव्या वाचकांसाठी: एफ १२ ने आऊटलाइन पेन, म्हणजे कडेला रेघ देण्याची खिडकी उघडते; कॉन्टूर म्हणजे आकाराभोवती समांतर निघणारा आकार.) गिऱ्हाइकाच्या घाईचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. ए फोरचं पोस्टर, काढलं त्याच मापात छापायचं, तिथे मीही कोरलड्रॉमध्ये सरळ आऊटलाइनच देतो. पण माझा लेख बोर्ड आणि बॅनरचा होता, आणि तिथे वाचवलेली दोन मिनिटं फार महागात पडतात.

१० बाय ८ फुटांचा बॅनर आपल्यापैकी बरेच जण पूर्ण मापात काढत नाहीत. १२ इंच रुंदीवर, म्हणजे एकदशांश मापात काढतात. समजा, फोटोला २ मिलिमीटरची पांढरी आऊटलाइन दिली. स्क्रीनवर छान दिसली. आऊटलाइन पेनमध्ये 'स्केल विथ ऑब्जेक्ट'वर टिक नसेल आणि कोरलमध्येच सगळं सिलेक्ट करून दहापट केलं, तर फोटो वाढतो, बॉर्डर मात्र २ मिलिमीटरच राहते. रस्त्यापलीकडून ती कोणाला दिसणार? तीच छोटी फाइल पीडीएफ करून पाठवली आणि प्रिंटिंगवाल्याने रिपमध्ये (मशीनला फाइल छपाईसाठी तयार करून देणारं सॉफ्टवेअर) दहापट केली, की बॉर्डर २० मिलिमीटर होते. डिझाइन एकच, पण छापून काय येणार हे मोठं कोणी आणि कुठे केलं त्यावर ठरतं. उलट बाजूनेही तेच. बॅनरवरून व्हिजिटिंग कार्ड करायला घेतलं, तर २० मिलिमीटरची पट्टी तशीच राहून माणसाचा चेहरा झाकून टाकते. टिक आठवणीने केली तर प्रश्न सुटतो, हे मान्य. पण घाईत तीच तर विसरते. मागे ठेवलेला पांढरा चौकोन फोटोबरोबर मुकाट्याने लहानमोठा होतो.

दुसरं म्हणजे, आऊटलाइन जागा न बदलता दिली तर निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते. वाढदिवसाच्या बॅनरवर वरच्या ओळीत शुभेच्छुकांचे गोल फोटो असतात ना, तिथे हे लगेच कळतं. कोणाचा फेटा कापला जातो, कोणाचा कान. ज्याचा फोटो असतो तो तेवढंच बघतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

मागची पार्श्वभूमी कापलेल्या पीएनजी फोटोचं तर आणखी वेगळं. तिथे आऊटलाइन माणसाभोवती न जाता फोटोच्या चौकोनी कडेला लागते. म्हणून मी बेझियर टूलने (वळणदार रेघा काढायचं टूल) बाहेरून ढोबळ, गुळगुळीत आकार काढतो, पांढरा भरतो आणि मागे पाठवतो. केसाच्या प्रत्येक बटेमागे जायचं नाही. स्टिकर असेल तर प्लॉटरची (आकार कापणाऱ्या मशीनची) ब्लेड अशा बारीक टोकांवर व्हिनाइल उचलते.

तुम्ही शेवटी विचारलंत, "पांढरी बॉर्डर काचेवर का गायब होते?" काचेवर पारदर्शक व्हिनाइल छापून लावतात, आणि चार शाईंच्या मशीनकडे पांढरी शाईच नसते. एरवी दिसणारा पांढरा रंग हा फ्लेक्सचा किंवा व्हिनाइलचा स्वतःचा असतो. त्यामुळे काचेच्या कामाला आधी विचारून घ्यायचं: पांढऱ्या शाईचं मशीन आहे का? नसेल तर पांढरं व्हिनाइल कापून मागे लावायचं, किंवा बॉर्डरला दुसरा रंग द्यायचा. आणि ते पांढरं व्हिनाइल प्लॉटरवर कापायलाही आकारच लागतो, एफ १२ ची जाडी तिथे काही कामाची नाही.

जाडी किती, याचं माझं माप सांगतो. फोटोच्या लहान बाजूच्या साधारण दोन टक्के, छापायच्या मापात. ३ फुटी फोटोला पाऊण इंचाच्या आसपास. लांबून बघायचा बोर्ड असेल तर थोडी जास्त. पूर्ण बॅनरभोवतीची बॉर्डर मात्र कडेला चिकटवू नका. फ्रेमवर ताणताना फ्लेक्स मागे दुमडला जातो, एका बाजूला इंचभर जास्त ओढला गेला की पट्टी तिरकी दिसते. फिटिंगवाला किती दुमडतो ते विचारा, आणि तेवढं सोडून वर आणखी २–३ इंच आत घ्या.