तालमीला जागा हवी

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या छोट्या नाट्यगृहाच्या ऑफिसात गेलो होतो. म्हटलं, संध्याकाळी साडेसात ते दहा, महिनाभर एखादी मागची खोली तालमीला मिळेल का? खिडकीपलीकडच्या माणसाने दरपत्रक पुढे सरकवलं. त्यात नाटक होतं, लग्न होतं, बक्षीस समारंभ होता, शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तालीम कुठेच नव्हती. "प्रयोगाची तारीख सांगा, बुक करतो," म्हणाला. त्या बिचाऱ्याची चूक नाही. त्याच्या लेखी नाटक म्हणजे पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंतचे तीन तास.

माझं वाढणं गोव्यात फोंडा तालुक्यातल्या देवळाच्या सभामंडपात झालं. जत्रेचं नाटक म्हणजे दोन महिने तालीम आणि एकच प्रयोग. तोही फुकट, हँडबिलावर 'रात्रौ ठीक १० वाजता' आणि नांदी बाराच्या ठोक्याला. पहाटे पडदा पडेपर्यंत खाज्याची दुकानंसुद्धा पेंगायला लागलेली. तियात्र, म्हणजे गोव्याचं कोंकणी नाटक, करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला, आणि आजही ती मंडळी तिकीट लावून, प्रयोगांवर प्रयोग करून उभी आहेत. आमच्या उत्सवी नाटकाला तसा हिशेबच नाही. एका रात्रीसाठी साठ रात्री खर्च करणारा धंदा कुठला बँकवाला मान्य करील?

पण गाव घडतं ते त्या साठ रात्रींत. आम्ही सगळे घरी कोंकणी बोलणारे. "आयज तालीम आसा मरे?" असं विचारत यायचं आणि पुढच्या मिनिटाला "महाराज, गडावरून खलिता आला आहे" म्हणायचं. मराठी मी शाळेत वाचली, पण तोंडात बसली ती तालमीत. आमचे तालीम मास्तर नाकातला सूर काढायला लावत. "राजा नाकात बोलत नाही रे!" म्हणून ओरडत. एका वर्षी संभाजी केला तो कदंबच्या सरकारी बसवर ड्रायव्हर होता. ड्युटीवरून थेट खाकी कपड्यांत यायचा. पुढे कित्येक दिवस त्याच्या बसमध्ये चढताना लोक मुजरा करायचे आणि तो खरंच मान तुकवायचा. (कोंकणी की मराठी यावर इथे आयुष्यभर भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. तालमीत त्यांना वेळच मिळत नसे, वाक्यं पाठ नसायची.)

नाटकामुळे गावातली भांडणं मिटतात, असलं काही मी म्हणणार नाही. आमच्याकडे माडांच्या वाटणीवरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ एका वर्षी एकाच प्रवेशात होते. केस अजून चालू आहे. पण दोन महिने एकाचं वाक्य संपल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नव्हतं, आणि एक विसरला तर दुसऱ्यालाच सावरून घ्यावं लागे. तेवढं तरी वकिलांना जमलेलं नाही.

बायकांचं तर वेगळंच. पूर्वी स्त्रीपार्ट पुरुष करायचे, मग बाहेरून नटी आणायची पद्धत पडली. ती शेवटच्या दोन तालमींना येणार आणि प्रयोगानंतर पहाटेच्या बसने जाणार. आता आमच्या वाड्यावरच्या काकी-वहिनी स्वतः नाटक बसवतात. त्यांना रात्री साडेनऊला तालीम संपवून घरी पोचायचं असतं. देवळात उत्सवाची धामधूम, घरात जागा नाही. मग नाट्यगृहाची एक बंद पडून असलेली खोली त्यांना का मिळू नये?

गोव्याच्या रंगभूमीवर भाषण करायला कोणी उभा राहिला की मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर येतात, त्यांची १९१८ सालची नाटक कंपनी बळवंत संगीत मंडळी येते. यायलाच हवी. पण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, गोव्यातल्याच डोंगरी गावचे कृष्णंभट्ट बांदकर नाटकं लिहीत होते. डोंगरी म्हणजे काही शहर नव्हे. आज पणजीत मांडवीकाठी चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी आहे, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगाव, साखळी, कुडचड्याला रवींद्र भवनं आहेत. एवढ्याशा राज्याला इमारतींची तक्रार करायला तोंड नाही. मुंबई-पुण्याची नाटकं येतात, आम्ही ती तिकीट काढून बघतोही. माझा हट्ट एवढाच: त्या दरपत्रकात 'तालीम' अशी एक ओळ घाला, गावच्या मंडळांना परवडेल असा दर लावा, आणि रात्री दहापर्यंत मागचं दार उघडं ठेवा. एसी नको. एक ट्यूबलाइट आणि फिरणारा पंखा पुरे.

तोवर आमची तालीम शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये चालू आहे. तो कामावरून आल्यावर गाडी बाहेर रस्त्याला लावतो, आम्ही आत. आज दुसरा अंक उभा करायचाय. येणाऱ्यांनी पेटीसाठी एक स्टूल घेऊन या, कालचं मोडलं.